ड्रॅगला पहिल्यांदा उतरताय? मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकचा फरक

ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या दोन गाड्यांच्या शर्यतीत, नवखा ड्रायव्हर सर्वांत जास्त वेळ गमावतो तो पहिल्या ६० फुटांत. मॅन्युअलमध्ये तिथलं सगळं डाव्या पायावर. साध्या रोड टायरवर ३,००० आरपीएमच्या आसपास सुरुवात करून बघा. क्लच एकदम सोडला तर चाकं जागीच फिरतात, आरपीएम कमी पडला तर इंजिन गुदमरतं. क्लच पकडतो तिथे पाय क्षणभर रोखा, गाडी सुटली की पूर्ण सोडा. जळका वास आला तर पुढची फेरी घाईने घेऊ नका. तापलेला क्लच घसरतो. तिसऱ्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडला तर इंजिन लाल रेषेपलीकडे (आरपीएमच्या सुरक्षित मर्यादेबाहेर) जाऊन व्हॉल्व्ह वाकू शकतात, म्हणून लिव्हर मुठीत आवळू नका.

ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाने ब्रेक, उजव्याने थोडा थ्रॉटल, मग ब्रेक सोडा. दोन-तीन सेकंदांहून जास्त धरलंत तर गिअरबॉक्सचं तेल तापतं. फेऱ्या एकसारख्या येतात, म्हणून ब्रॅकेट रेसिंगला (आपली वेळ आधी सांगून तिच्या जवळ राहायची शर्यत) माझी पसंती ऑटोमॅटिकलाच.

सुटण्याच्या दिव्यांवरचं कसब मात्र दोन्हींत सारखंच लागतं. स्पोर्ट्समन ट्रीवर (सुरुवातीच्या रेषेवरचा दिव्यांचा खांब) तीन पिवळे दिवे एकामागून एक ०.५ सेकंदाच्या अंतराने लागतात. तिसरा पिवळा दिसताच सुटा, हिरव्याची वाट पाहिलीत तर उशीर झालाच. हा उशीर ईटीत (गाडी सुटल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंतची वेळ) धरत नाहीत, पण शेजारच्या लेनमधली गाडी त्यावरच जिंकते.