पाणी आणि आयन: नव्याने अभ्यास करणाऱ्यास

जीवशास्त्राचा अभ्यास नुकताच सुरू केला असेल, तर सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांची कार्ये तक्त्यातून पाठ करण्याआधी बटाट्याच्या दोन सारख्या चकत्या कापून एक साध्या पाण्यात आणि दुसरी मिठाच्या दाट पाण्यात तासभर ठेवा, असे मी आग्रहाने सुचवेन. पहिली ताठ राहते आणि वाकवल्यास कट्कन मोडते; दुसरी लुळी पडते, कारण तिच्या पेशींतले पाणी बाहेरच्या क्षारांकडे ओढले गेलेले असते. पाणी आणि आयन (क्षार पाण्यात विरघळल्यावर सुटे होणारे विद्युतभारित कण) यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही, हे येथे हातालाच कळते.

त्यानंतर पेशीच्या आवरणातील सोडियम-पोटॅशियम पंप हे प्रथिन सावकाश समजून घ्या. एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाचा, एक रेणू खर्चून तो तीन सोडियम आयन पेशीबाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो. म्हणूनच पेशींबाहेरच्या रक्तद्रवात सोडियम लिटरला सुमारे १४० मिलिमोल, तर पोटॅशियम जेमतेम ४ असते. मज्जातंतूंतील संदेशवहन याच तफावतीवर चालते.

जुलाबात नुसते पाणी का पुरत नाही, हा प्रश्न मात्र स्वतःला जरूर विचारा. आतड्याच्या पेशींतील वाहक प्रथिन ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर दोन सोडियम आयन आत घेते आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषले जाते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे पूर्व पाकिस्तानातून (आजच्या बांगलादेशातून) आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण पाजूनच असंख्य रुग्ण वाचवले.