टीवाय बी.कॉम.च्या वर्षातच लॉची सीईटी द्यावी, की एक वर्ष थांबावं?

तुमचा प्रश्न असा: टीवाय बी.कॉम.ला आहात, शिक्षण मराठी माध्यमातलं, सहाव्या सेमिस्टरची परीक्षा आणि तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटी (राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा) अंगावर एकदमच येतायत. घरचे म्हणतायत, आधी पदवी पदरात पाडून घे, मग वर्षभर क्लास लाव आणि पुढच्या वर्षी सीईटी दे. काय करावं?

यंदाच द्या. घरच्यांची काळजी मला कळते, पण त्यांनी ही परीक्षा नीट किंवा यूपीएससीच्या पंगतीत बसवलीय. ती तशी नाही. मी बी.एस्सी. करून याच वाटेने लॉला आले, आता जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिस करते, आणि ऑफिसात दर वर्षी इंटर्नशिपला येणारी पोरं-पोरी बघते. त्यावरून सांगते.

आधी परीक्षा कशी आहे ते बघा. 120 प्रश्न, 120 गुण, दोन तास. म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. पूर्वी 150 प्रश्न असायचे, तेव्हा खरी धावपळ व्हायची. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो. विभाग चार: इंग्रजी 40, सामान्यज्ञान आणि चालू घडामोडी 32, कायदेविषयक 24, तर्क आणि विश्लेषण 24. इंग्रजीचा भाग सोडला तर पेपर मराठीतून देता येतो. आणि मुख्य म्हणजे या परीक्षेत पास-नापास नसतं. तुमचा क्रम लागतो, त्या क्रमाने कॉलेज मिळतं. सीईटी सेलच्या कॅप (केंद्रीय प्रवेशाच्या) फेऱ्या संपल्यावर उरलेल्या जागा कॉलेज पातळीवर भरतात, तिथेही बऱ्याच जणांची सोय होते.

म्हणजे एक वर्ष थांबून तुम्ही विकत काय घेता? थोडं बरं कॉलेज, बस. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय (1855 पासूनचं) किंवा पुण्याचं आयएलएस (1924 चं) डोक्यात पक्कं असेल तर त्या थोड्याला अर्थ आहे, कारण तिथे एकेका गुणावर रांग लागते. पण तुम्ही गावाजवळच्या जिल्ह्याच्या ठिकाणी शिकून तिथेच वकिली करणार असाल, तर दहा गुण जास्त मिळवायला आयुष्यातलं एक वर्ष मोजणं मला पटत नाही. कोर्टात कुणी सीईटीचा स्कोअर विचारत नाही. कॉलेजचं नावसुद्धा पहिल्या दोन-तीन वर्षांत विचारून संपतं, पुढे ‘कुणाकडे ज्युनिअरशिप केली’ एवढंच विचारतात. देशाचे 52 वे सरन्यायाधीश भूषण गवई अमरावतीचे, तुमच्यासारखेच कॉमर्सकडून लॉला आलेले.

त्यात आता एक नवी गोष्ट झालीय, ती क्लासवाले सहसा सांगत नाहीत. 20 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) होण्यासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. आपण ज्याला जेएमएफसी म्हणतो तीच ही परीक्षा. त्याआधी आपल्याकडे लॉ करून थेट परीक्षेला बसता यायचं. आता हिशेब मांडा: तीन वर्षं लॉ, मग सनद (वकिलीचा परवाना), मग तीन वर्षं कोर्टात. यंदा प्रवेश घेतला तरी जेएमएफसीची पहिली संधी सत्ताविशीच्या आसपास. पुढच्या वर्षी घेतला तर त्यातही एक वर्ष वाढलं. न्यायाधीश व्हायचं मनात नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या, पण लॉला येणाऱ्या दहातल्या पाच-सहांच्या मनात ते कुठेतरी असतंच.

थांबायला खरी कारणं दोनच दिसतात. पहिलं, पदवीचे टक्के. खुल्या प्रवर्गाला 45 लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 40. इथे 44.9 म्हणजे 45 नव्हे, वर ढकलून देत नाहीत. तुमची मागची एटीकेटी राहिली असेल किंवा टक्के काठावर असतील, तर सगळी ताकद सहाव्या सेमिस्टरला लावा. सीईटीत पहिल्या शंभरात आलात आणि पदवीच अडकली तर उपयोग शून्य. दुसरं कारण, वर म्हटलं तसं एकाच नामवंत कॉलेजचा हट्ट आणि मॉक टेस्टमध्ये त्याच्या आसपासही न जाणं. पण या दुसऱ्या बाबतीतही माझं म्हणणं असं की परीक्षा यंदा द्याच. हॉलमध्ये बसून दिलेला खरा पेपर आणि घरचा मॉक यांत फरक असतो, तो कळायला फक्त अर्जाची फी जाते. नाही जमलं तर पुढच्या वर्षीचा रस्ता मोकळाच आहे. स्कोअर त्या वर्षापुरताच धरतात, जुना कमी स्कोअर कपाळावर चिकटून राहत नाही.

आता सेमिस्टरशी होणारी टक्कर. सीईटीची तारीख दर वर्षी हलते. 2024 ला तीन वर्षांच्या लॉची परीक्षा 12 आणि 13 मार्चला झाली, 2025 ला ती मेच्या सुरुवातीला गेली. त्यामुळे ‘एप्रिलमध्ये विद्यापीठाचे पेपर संपले की अभ्यासाला लागतो’ असला बेत आखू नका. फेब्रुवारीअखेर सीईटीचा पाया पुरा करायचा, मग तारीख मार्चमध्ये येवो नाहीतर मेमध्ये. विद्यापीठाच्या पेपरांच्या दिवसांत सीईटीचं फक्त रोजचं वृत्तपत्र आणि आठवड्याला एक मॉक, बाकी काही नाही. रोज दोन तास, मनापासून, एवढं तीन-चार महिने केलं तरी या परीक्षेला पुरतं. दोन तास म्हणजे मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून दोन तास, हे वेगळं सांगायला नको.

मराठी माध्यमाची मुलं इंग्रजीला घाबरतात आणि म्हणून ते शेवटी ठेवतात. उलटं करा. 120 पैकी 40 म्हणजे पेपरचा तिसरा हिस्सा तिथे आहे, आणि विचारतात काय? समानार्थी-विरुद्धार्थी शब्द, शब्दयोगी अव्ययं, वाक्यातली चूक, एखादा उतारा. बारावीपर्यंतचं व्याकरण घोटलं तर हा भाग सर्वांत लवकर सुधारतो. सामान्यज्ञानाचं तसं नाही. त्याला अंत नाही, म्हणून त्याला वेळही मर्यादित द्या: मागच्या वर्षभरातल्या घडामोडी, महाराष्ट्राचा इतिहास-भूगोल, नेमणुका, पुरस्कार, क्रीडा.

कायद्याच्या 24 प्रश्नांवर मात्र रेंगाळते, कारण इथे दोन तऱ्हा असतात आणि बरीच मुलं एकाच तऱ्हेची तयारी करतात. पहिली तऱ्हा पाठांतराची. शिक्षणाचा हक्क कोणत्या अनुच्छेदात? 21-क, 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने आलेला. डॉ. आंबेडकर कोणत्या अनुच्छेदाला घटनेचा आत्मा म्हणाले? 32. राज्यघटनेची मूलभूत चौकट कोणत्या खटल्यातून आली? केशवानंद भारती, 1973. हे वाचायला राज्यघटनेचं एक चांगलं पुस्तक बास आहे. दुसरी तऱ्हा तत्त्व आणि प्रसंगाची. मी इथे बसल्या बसल्या एक बनवते:

तत्त्व: जो धोका माणसाने समजून-उमजून पत्करला, त्यातून झालेल्या इजेची भरपाई त्याला मागता येत नाही. प्रसंग: एक जण तिकीट काढून बैलगाडा शर्यत बघायला गेला आणि आयोजकांनी बांधलेल्या गॅलरीत बसला. शर्यत ऐन रंगात असताना गॅलरी कोसळली, त्याचा पाय मोडला. भरपाई मिळेल का?

घाईत असलेला विद्यार्थी ‘शर्यत म्हटली की धोका आलाच, मिळणार नाही’ वर टिचकी मारतो. पण त्याने पत्करला असेल तो बैल उधळण्याचा धोका. गॅलरी कच्ची बांधलेली असण्याला त्याने संमती कधी दिली? भरपाई मिळेल. इथे तुमचं मत, दया, कायद्याचं बाहेरचं ज्ञान काहीही मध्ये आणायचं नाही. दिलेलं तत्त्व घ्यायचं आणि प्रसंगातल्या नेमक्या कुठल्या गोष्टीला ते लागू पडतं किंवा पडत नाही ते शोधायचं. असे रोज पाच प्रश्न सोडवा, महिन्याभरात डोळा बसतो. पुढे दावे लिहितानाही हाच डोळा लागतो, त्यामुळे श्रम वाया जात नाहीत.

पुस्तकांचं एक लक्षात ठेवा. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा कुठल्याही जुन्या बाजारात सीईटीची गाईडं निम्म्या किमतीत मिळतात. इंग्रजी आणि तर्कासाठी खुशाल घ्या. कायद्याच्या भागासाठी 1 जुलै 2024 च्या आधीचं गाईड घेऊ नका. त्या दिवसापासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. खुनाच्या शिक्षेचं 302 आता 103 झालं, फसवणुकीचं 420 आता 318 मध्ये गेलं, जमावबंदीचं 144 आता 163 आहे. जुने आकडे आम्हा वकिलांच्याही तोंडातून अजून सुटत नाहीत, तुम्ही निदान नव्यानेच शिका.

आणि क्लॅटच्या व्हिडिओंच्या नादी लागू नका. यूट्यूबवर लॉ प्रवेश म्हणून शोधलं की निम्म्याहून जास्त माल क्लॅटचा निघतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ती परीक्षा डिसेंबरमध्ये होते, मुख्यतः बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी. लांबलचक उतारे, चुकीला पाव गुण वजा. तुमच्या परीक्षेचा स्वभाव वेगळा आहे.

अभ्यासाइतकंच, खरं तर जास्तच, मी कागदपत्रांबद्दल सांगते. स्कोअर चांगला येऊनही जागा गेलेली मुलं मी पाहिलीत, आणि कारण बहुतेकदा एखादा दाखला असतो. राखीव प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे का ते आज बघा, निकालानंतर नाही. पडताळणी समितीकडे प्रकरण महिनोन्महिने पडून राहतं. नॉन-क्रिमिलेअर दाखला प्रवेशानंतरच्या 31 मार्चपर्यंत वैध असलेला लागतो, म्हणजे आत्ता घरात असलेल्याची मुदत बघा, ती आधीच संपत असेल तर एप्रिलनंतर नवा काढावा लागेल. अधिवास दाखला आणि आधारवरचं नाव मार्कशीटशी जुळतंय का तेही तपासा. ‘वडिलांचं नाव मध्ये आहे, आईचं शेवटी’ असल्या फरकांवर पडताळणीच्या खिडकीत तासन्‌तास जातात. अर्ज भरताना तीन वर्षांचा आणि पाच वर्षांचा अर्ज वेगळा असतो, सायबर कॅफेवाल्याने घाईत दुसराच उघडला नाही ना याकडे लक्ष ठेवा.

निकालानंतर लॉच्या फेऱ्या लांबतात, पावसाळा उलटून जातो तरी यादी येत असते. तेवढ्यात घरचे म्हणतील, ‘एम.कॉम.ला तरी नाव घालून ठेव.’ घालायचं तर कॉलेजकडून आधी लेखी विचारून घ्या की प्रवेश रद्द केला तर किती फी परत आणि मूळ टीसी किती दिवसांत. लॉ करताना दुसरा नियमित अभ्यासक्रम सोबत चालत नाही, बार कौन्सिलचे नियम तसे आहेत, तेव्हा लॉचा नंबर लागला की एम.कॉम. सोडावंच लागेल. आणि मूळ टीसी तिकडे अडकली तर पंचाईत होते, कारण लॉच्या कॉलेजात प्रवेश पक्का करायला दोन-तीन दिवसच असतात. याद्यांची वाट बघायचा वेळ एम.कॉम.पेक्षा एखाद्या वकिलाच्या ऑफिसात टायपिंग आणि फाइली लावायला गेलात तर मी खूश होईन.

राहिला क्लासचा प्रश्न. मागच्या वर्षांच्या धर्तीवरचे दोन पेपर घड्याळ लावून आजच्या आज सोडवा. 120 पैकी 70 च्या वर असाल तर क्लासची गरज नाही, मॉक टेस्टची मालिका तेवढी विकत घ्या. 50 च्या खाली असाल आणि त्यातलं बरंचसं इंग्रजीत गेलं असेल, तर लॉचा क्लास न लावता गल्लीतल्या बारावीच्या इंग्रजीच्या सरांकडे दोन महिने जा, स्वस्तात काम होईल. मधे असाल आणि एकट्याने बसून अभ्यास होतच नसेल, तर लावा क्लास, पण वर्षभराचा नाही, तीन महिन्यांचा. वर्षभराची फी आगाऊ मागणाऱ्याला विचारा की 120 गुणांच्या परीक्षेचं वर्षभर तो शिकवणार तरी काय.