थिनरचा वास जाणवेनासा झाला, तर काय समजावे?

प्रश्न : यंत्रांचे सुटे भाग थिनरने धुऊन पुसण्याचे काम मी काही वर्षांपासून करतो. पूर्वी वास सहन होत नसे, आता तो फारसा जाणवतही नाही. संध्याकाळी मात्र डोके जड होते. सुट्टीच्या दिवशी बरे वाटते. बोटांची कातडी सारखी फुटते. तोंडाला रुमाल बांधतो आणि काम संपल्यावर हातही थिनरनेच धुतो. यात काळजीचे कारण आहे का?

उत्तर : आहे. सुट्टीच्या दिवशी बरे वाटते, असे आपण जाता जाता लिहिले आहे. पण पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच. कामाच्या दिवशी उद्भवणारा आणि कामापासून दूर असताना ओसरणारा त्रास बहुधा कामाच्या जागेतूनच आलेला असतो. वास जाणवत नाही, याचा अर्थ शरीराला सवय झाली असा नाही. त्या वासापुरते नाक बोथट झाले आहे, हवेतली वाफ तेवढीच आहे. रंग काढण्याच्या काही द्रवांत असणाऱ्या डायक्लोरोमिथेनचा वास तर हवेतले प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी पुढे गेल्यावरच येतो, आणि शरीरात त्याच्या काही भागाचा कार्बन मोनॉक्साइड होतो.

थिनर हा एकच पदार्थ नसतो. त्यात टोल्युईन, झायलीन, अ‍ॅसिटोन, कधी मिथेनॉलही असते, म्हणून डब्यावरचे नाव पुरेसे नाही. पुरवठादाराकडून सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्यावे आणि त्यातील घटक वाचावेत. टोल्युईनचा परिणाम मेंदूवर होतो आणि दीर्घकाळ संपर्क राहिल्यास, विशेषतः यंत्रांचा गोंगाटही असेल तर, श्रवणशक्तीही घटू शकते. एन-हेक्झेन असलेल्या द्रवाने हातापायांच्या नसा कमकुवत होतात. सुरुवात बहुधा पायांच्या बोटांच्या बधिरतेने होते. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. ग्रीस काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रायक्लोरोएथिलीनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये निश्चित कर्करोगकारकांच्या गटात घातले. पत्रकात ही दोन नावे आढळली, तर तो द्रव बदलणे हाच उपाय.

रुमाल धूळ अडवतो, वाफ नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफेचे, म्हणजे सक्रिय कोळशाचे, काडतूस असलेला आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. काडतुसाची क्षमता संपते, म्हणून ते ठरलेल्या मुदतीत बदलावे लागते. तरीही मास्क ही शेवटची सोय. आधी वाफ हवेत येऊच नये, हे पाहावे : थाळीवर झाकण, ओले फडके बंद डब्यात, आणि वाफ नाकापर्यंत पोहोचण्याआधीच ओढून बाहेर टाकणारा पंखा टेबलाच्या पातळीवर. छताचा पंखा ती वाफ खोलीभर पसरवतो, एवढेच.

हात थिनरने धुणे आजच थांबवावे. कातडीतले तेल निघून जाते, भेगा पडतात आणि द्रव शरीरात शिरणे आणखी सोपे होते. साबण किंवा हात धुण्याची पेस्ट वापरावी. हातमोजे मात्र द्रव पाहून निवडावेत. पातळ नायट्राइल हातमोज्यातून टोल्युईन किंवा अ‍ॅसिटोन थोड्याच वेळात आरपार जाते, आणि आतून ओला झालेला हातमोजा उघड्या हातापेक्षा वाईट, कारण तो द्रव कातडीशी दाबून धरतो.

डॉक्टरांकडे जाताना ते माहितीपत्रक सोबत न्यावे. टोल्युईनचा संपर्क तपासायचा असल्यास लघवीचा नमुना कामाची पाळी संपताच द्यावा लागतो. सुट्टीनंतर दिलेल्या नमुन्यात काहीच दिसणार नाही. बोटे बधिर वाटत असतील किंवा चालताना पाय अडखळत असतील, तर तपासणी पुढे ढकलू नये.