एक सिलिंडर दांडी मारतोय, पण कोणता?

प्रश्न : माझी कार्बोरेटरची, चार सिलिंडरची जुनी पेट्रोल गाडी आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) थरथरते. सायलेन्सरमधून ‘फट्... फट्’ असा तुटक आवाज येतो, दमट हवेत जास्तच. चारही प्लग नवे टाकले, काडीचाही फरक नाही. आता कार्बोरेटर बदलावा का?

उत्तर : इतक्यात नको. एकच कार्बोरेटर चारही सिलिंडरना हवा-पेट्रोलचं मिश्रण पुरवतो. तो बिघडला तर इंजिन सरसकट कुरकुरतं. ठरावीक ठेक्यात एकच ठोका चुकत असेल, तर दोष बहुधा एकाच सिलिंडरचा असतो. आधी तो शोधा, नवे पार्ट नंतर.

इंजिन गरम करून बंद करा. एका प्लगची वायर काढून तिच्या टोकात एक जादा प्लग खोचा आणि त्याची धातूची बाजू जंप केबलने इंजिनला पक्की अर्थ करा. केबल पेट्रोलच्या नळीपासून लांब ठेवा. आता इंजिन चालू करा. वेग पडला, थरथर वाढली, तर तो सिलिंडर काम करत होता. मग पुढचा. ज्याची वायर काढूनही काहीच बदलत नाही, तोच दांडीबहाद्दर. चालू इंजिनवर वायर नुसती उपटू नका. हाताला झटका बसतो, शिवाय इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारी कॉइल किंवा तिला चालवणारं मॉड्यूल जाऊ शकतं.

त्या सिलिंडरचा प्लग काढून बघा. पेट्रोलने ओला असेल, तर ठिणगी पडत नाही किंवा क्षीण पडते. प्लग नवा आहे म्हणून तो निर्दोष धरू नका. एकदा हातातून पडलेल्या प्लगच्या चिनी मातीला केसाएवढी चीर गेलेली असू शकते. तो शेजारच्या प्लगशी अदलाबदल करा. दोष सोबत गेला तर प्लग, नाहीतर पुढचा संशय वायरवर. मल्टिमीटरवर बाकीच्या वायरी ८-१० किलोओहम दाखवत असतील आणि एकच ४० दाखवत असेल, तर ती टाकून द्या.

दमट हवेचा उल्लेख केलात, म्हणून माझा पहिला संशय डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट पोचवणाऱ्या भागाच्या) टोपीवर आहे. टोपी काढून आतून उजेडात धरा. दोन पितळी खुंट्यांच्या मधे पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर करंट त्या रेघेवरून भलतीकडे पळतोय. पुसून किंवा घासून ती कायमची जात नाही. टोपी नवीच टाका, सोबत तिच्या आत फिरणारा रोटरही. रात्री अंधारात बॉनेट उघडून पाहिलंत तर फुटक्या वायरीवरच्या निळ्या ठिणग्याही दिसतात.

पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या, कॉइलचा करंट तोडणाऱ्या संपर्काचा) गॅप बहुतेक गाड्यांत ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. तो पॉइंट उघडणाऱ्या कॅमच्या चारही उंचवट्यांवर मोजा. प्रत्येक ठिकाणी वेगळा आला तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश झिजलाय.

ठिणगी ठणठणीत असेल तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासा. एक्झॉस्टचा टॅपेट जास्त टाइट असला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजने मोजा : सगळे प्लग बाहेर, कॉइलची वायर अर्थ, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. साधारण १० ते १२ बार चांगले. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगांचा दोष, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा. शेजारचे दोन सिलिंडर एकदमच खाली असतील तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) बहुधा दोघांच्या मधे फुटलंय.

प्रश्न : आयडलिंग छान आहे, पण चढावर वरच्या गिअरमध्ये झटके येतात.

उत्तर : इंजिनवर लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लग झिजून गॅप रुंदावला असेल किंवा कॉइल कमजोर असेल, तर ते इथेच उघडं पडतं. आधी गॅप. कॉइल मोजायची तर गरम असताना मोजा. थंड कॉइल फसवू शकते. पेट्रोल कमी पडतं तेव्हा मात्र गाडी दमल्यासारखी हळूहळू बसते, सहसा झटका देत नाही. तसं होत असेल तर फिल्टर आणि पंप बघा.

प्रश्न : इंजेक्शनची गाडी आहे. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो, स्कॅनरवर पी०३०२ हा कोड आला. चालवत राहू का?

उत्तर : नको. लुकलुकणं म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय, आणि तो वितळू शकतो. कोड फक्त ‘दुसरा सिलिंडर दांडी मारतोय’ एवढंच सांगतो, कारण नाही. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर दुसरी आणि तिसरी अदलाबदल करा, कोड पुसा, इंजिन चालवून बघा. पी०३०३ आला तर कॉइल गेली. पुन्हा ०३०२ आला तर प्लग, मग इंजेक्टर. फक्त मोजणी कुठल्या टोकापासून, ते मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. पहिला सिलिंडर सगळ्याच गाड्यांत टायमिंग बेल्टच्या बाजूला नसतो.