‘उरलेल्या बिड्स तेवढ्या वापरून टाकते’

(ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांतले तपशील एकत्र केले आहेत.)

व्हिडिओ कॉलवर आमचा सल्ला घेणाऱ्या, न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या एका बाईंचा पहिला प्रश्न असा होता: “आता थांबले तर आधी घातलेले सगळे पैसे वाया जातील ना?” आणि जरा थांबून दुसरा: “मला जुगाराचं व्यसन लागलंय का?” पेनी ऑक्शनच्या, म्हणजे प्रत्येक बोलीला पैसे लावणाऱ्या ऑनलाइन लिलावांच्या, नादाला लागलेली माणसं हेच दोन प्रश्न विचारतात, आणि बहुतेक याच क्रमाने.

बाई इंजिनिअर. नवऱ्याबरोबर एच-फोर व्हिसावर आलेल्या, कामाचा परवाना नाही. “घरात माझा एक डॉलर येत नाही, निदान वाचवू तरी,” म्हणून स्वस्तातल्या वस्तू शोधायची सवय लागली. त्यातच एक जाहिरात दिसली, तीनशे डॉलरचा टॅब्लेट चोवीस डॉलरला. नोंदणी केली. कार्डाचा नंबर ‘ओळख पटवण्यासाठी’ मागितला असेल असं वाटलं, प्रत्यक्षात तिथल्या तिथे साठ डॉलर कापले गेले. शंभर बिड्सचं, म्हणजे बोल्यांचं, पॅक, प्रत्येक बिड साठ सेंटची. बटणाखाली बारीक अक्षरात ते लिहिलेलं होतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी ब्लेंडर जिंकला. ज्यांनी आधी काहीच जिंकलेलं नाही अशांसाठीच काही साइट्स वेगळे लिलाव ठेवतात, तिथे स्पर्धा कमी असते. ब्लेंडर आला, चटणी झाली, नवऱ्याने कौतुकही केलं. पुढे चार महिने त्या रात्री दीड-दोनपर्यंत जाग्या राहू लागल्या. कार्डाचं स्टेटमेंट नवऱ्याच्या हातात पडलं आणि घरात बोलणंच बंद झालं.

पहिल्या भेटीत आम्ही व्यसनाबद्दल बोललोच नाही. त्या टॅब्लेटचा हिशोब कागदावर मांडला.

नेहमीच्या लिलावात हरणाऱ्याचं काही जात नाही. इथे प्रत्येक बोलीचे पैसे लागतात आणि ते परत मिळत नाहीत. एक बिड पडली की वस्तूची किंमत फक्त एक सेंटने वाढते आणि लिलाव संपवणारं घड्याळ पुन्हा दहा-वीस सेकंदांवर जातं. टॅब्लेट 24.60 डॉलरला ‘गेला’ म्हणजे त्यावर 2,460 बिड्स पडल्या. साठ सेंटने गुणलं की 1,476 डॉलर. वर विजेत्याचे 24.60. तीनशेच्या वस्तूमागे साइटच्या खिशात पंधराशे. जिंकणाऱ्याच्या 230 बिड्स लागल्या असतील तर त्याला टॅब्लेट 162.60 डॉलरला पडला, शिवाय पाठवणीचा खर्च वेगळा. उरलेल्या 2,230 बिड्सचे 1,338 डॉलर ज्यांनी भरले त्यांच्या हातात काहीच नाही. जाहिरातीत मात्र 24.60 एवढंच झळकतं.

बाई कागदाकडे बघत राहिल्या. “म्हणजे मी बोली लावतच नव्हते, लॉटरीचं तिकीट काढत होते.” हे वाक्य त्यांचंच. आमच्याकडून आलं असतं तर उपदेश वाटला असता.

ही चाल नवी नाही. 2005 मध्ये जर्मनीत टेलिबिड नावाने सुरू झालेली आणि पुढे स्वूपो म्हणून ओळखली गेलेली कंपनी या धंद्यातली अगदी सुरुवातीची, ती 2011 मध्ये बंद पडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पेनी ऑक्शनबद्दल ग्राहकांना सावध केलं होतं. आणि त्याच्याही चाळीस वर्षं आधी, 1971 मध्ये, मार्टिन शुबिक या अर्थशास्त्रज्ञाने एक खेळ मांडला होता. एक डॉलरची नोट लिलावात काढायची, अट एवढीच की दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्यानेही आपली रक्कम भरायची. नोटेसाठी बोली डॉलरच्या वर जाते, कारण नव्वद सेंट बुडवण्यापेक्षा आणखी दहा-वीस घालणं बरं वाटतं. शहाणी माणसंही त्यात अडकतात. बाईंना हे सांगितल्यावर त्यांचे खांदे जरा सैल झाले. आपण मूर्ख नाही, एवढं कुणीतरी सांगायची गरज होती.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘आत्ताच विकत घ्या’ या सोयीवर. हरलात तरी वापरलेल्या बिड्सची रक्कम वजा करून तीच वस्तू पूर्ण किमतीला घेता येते, ही ती सोय. बाई तिला सुरक्षित दोर समजत होत्या. त्यांनी झाडू मारणारा रोबो असाच घेतला. साइटवर किंमत 349 डॉलर. त्यांच्या 210 बिड्स खर्च झाल्या होत्या, म्हणजे 126 डॉलर. ते वजा जाऊन 223 भरले, पाठवणीचे 15. एकूण 364. तेच मॉडेल नेहमीच्या दुकानात 229 ला मिळत होतं. साइटवरची ‘मूळ किंमत’ फुगवलेली असली की दोर सुटलेलाच असतो. शिवाय या खरेदीला मुदत असते, आणि फुकट मिळालेल्या बिड्स बऱ्याचदा त्यात धरल्या जात नाहीत. त्या अटी वाचायला कुणी बसत नाही.

आपोआप बोली लावणारं साधन हा दुसरा खड्डा. शेवटच्या क्षणी ते तुमच्या वतीने बिड टाकतं, तुम्ही झोपू शकता. पण समोरच्यानेही तेच लावलं असेल तर दोन यंत्रं एकमेकांच्या बिड्स खात बसतात. बाईंनी एका रात्री झोपण्याआधी दीडशेची मर्यादा घातली. सकाळी दीडशेही संपल्या होत्या आणि लिलाव चालूच होता. समोर खरा माणूस आहे की साइटनेच बसवलेलं बनावट नाव, हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

कधीकधी याच्या जोडीला ‘बिड्स विकत घे, वाटून टाक, रोजचा नफा घे’ असं आमंत्रण ओळखीतून येतं. झीकलर या पेनी ऑक्शन साइटभोवती उभी केलेली झीक रिवॉर्ड्स योजना अशीच होती. ऑगस्ट 2012 मध्ये अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने ती सुमारे 60 कोटी डॉलरची पाँझी योजना (नव्यांच्या पैशातून जुन्यांना ‘नफा’ देणारी फसवणूक) म्हणून बंद पाडली. चालक पॉल बर्क्सला 2017 मध्ये 14 वर्षं 8 महिन्यांची शिक्षा झाली. असं आमंत्रण आलं तर हिशोबसुद्धा मांडू नये, सरळ नाही म्हणावं.

तिसऱ्या भेटीला बाई चार महिन्यांचं स्टेटमेंट घेऊन बसल्या. नवराही होता, कॅमेऱ्यापासून लांब, हाताची घडी घालून. चार रकाने आखले: बिड पॅक, जिंकलेल्या वस्तूची शेवटची किंमत आणि पाठवणी, ‘आत्ताच विकत घ्या’चे पैसे, वस्तूचा दुकानातला भाव. पॅक 31, म्हणजे 1,860 डॉलर. दुसऱ्या रकान्यात 58. तिसऱ्यात रोबोचे 238. एकूण 2,156. घरात आलेल्या वस्तू: ब्लेंडर 45, पंचवीसची दोन गिफ्ट कार्डं, हेडफोन 60, रोबो 229. एकूण 384. वजाबाकी 1,772. बाईंचा अंदाज पाच-सहाशेचा होता. पॅक साठ-साठचे घेतले की बेरीज कुणी करत नाही.

नवरा म्हणाला, “अगं, तू मागितले असतेस तर मी दिले नसते का?” बाई म्हणाल्या, “मागायचे नव्हते म्हणूनच तर.” त्यानंतरचा अर्धा तास पैशांबद्दल नव्हताच.

व्यसनाचा प्रश्न राहिला होता. 2013 पासून वापरात असलेल्या डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत जुगाराच्या विकारासाठी नऊ लक्षणं दिली आहेत, वर्षभरात चार किंवा अधिक दिसली तर निदान होतं. बाईंमध्ये तीन स्पष्ट होती: गेलेलं भरून काढायला पुन्हा खेळणं, घरी लपवणं, थांबायचं ठरवलं की चिडचिड. निदान नाही, पण उंबरठा दूरही नाही. कायद्याने याला जुगार म्हणा वा न म्हणा, मेंदूला शेवटच्या तीन सेकंदांचं घड्याळ आणि ‘थोडक्यात हुकलं’ एवढंच कळतं. उद्या कर्ज काढावंसं वाटलं किंवा झोप उडाली, तर न्यू जर्सीत 1-800-गॅम्बलर हा फोन आहे, तो नंबर फ्रिजवर लावायला सांगितला.

मग कामं. आधी साइटवरून कार्ड काढायचं, आणि ते निघत नसेल तर बँकेकडून कार्डाचा नंबर बदलून घ्यायचा. पहिल्या साठ डॉलरसारखी नीट न सांगता कापलेली रक्कम असेल तर स्टेटमेंट आल्यापासून साठ दिवसांत कार्ड कंपनीला लेखी तक्रार द्यायची. बाईंची ती मुदत टळली होती. वापरून संपलेल्या बिड्सची तक्रार सहसा टिकत नाही, त्यात शक्ती घालवू नये. न वापरलेल्या पॅकचे पैसे मात्र लेखी मागावेत. फसवणुकीचा संशय असेल तर फेडरल ट्रेड कमिशनच्या रिपोर्टफ्रॉड पानावर नोंद करावी. भारतात बसून कुणी अडकलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि सरळ आर्थिक फसवणूक झाली असेल तर लगेच 1930. रात्री हात शिवशिवला तर वीस मिनिटांचा गजर लावून फोन स्वयंपाकघरात ठेवायचा. ऊर्मी बहुधा तेवढ्यात ओसरते. नाही ओसरली तर पुन्हा वीस.

पाच दिवसांपूर्वी घेतलेलं शेवटचं पॅक तसंच पडून होतं. दोन मेल्सनंतर त्याचे साठ डॉलर परत आले. खात्यात उरल्या बक्षिसात मिळालेल्या 70 बिड्स. बाई म्हणाल्या, “या तर फुकटच्या आहेत. उरलेल्या तेवढ्या वापरून टाकते, मग बंद करते.”

आम्ही एवढंच विचारलं, “सत्तराव्या बिडला घड्याळात तीन सेकंद राहिले असले तर?”

खातं त्यांनी कॉल चालू असतानाच बंद करायला घेतलं. पडद्यावर आधी ‘तुमच्या 70 बिड्स जातील’ असं आलं, मग ‘थांबलात तर आणखी 50 भेट’. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो काही बोलला नाही, खुर्ची ओढून जवळ येऊन बसला. बटण त्यांनीच दाबलं.