कोड गोल्फमध्ये इनपुट-आउटपुटचे नियम किती कडक ठेवावे?

भाऊ, तुम्ही विचारलं की कॉलेजात कोड गोल्फ, म्हणजे सगळ्यात कमी बाइटमध्ये प्रोग्राम लिहायची स्पर्धा, ठेवून राहिलो, तर इनपुट-आउटपुटचा फॉरमॅट किती कडक ठेवायचा. ढिला ठेवा, जितका जमेल तितका.

मी इथंच नागपूरला एका टेक फेस्टमध्ये उतरलो होतो. प्रॉब्लेम साधा, 0 ते एन पर्यंतच्या आकड्यांचे वर्ग एका ओळीत छापायचे, मधे स्पेस. कागदावर एवढंच होतं. मी सी मध्ये लिहिलं, लूपमध्ये प्रिंटएफ, परसेंट डी (म्हणजे आकड्याची जागा) अन् त्याच्यापुढे स्पेस, म्हणजे शेवटच्या आकड्यानंतरही एक स्पेस राहते, जी स्क्रीनवर दिसतही नाही. निकाल लागला तर एंट्री बाद! काऊन, तर स्पर्धा घेणाऱ्या सीनियरनं सरळ डिफ, म्हणजे दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड, लावला होता. पायथनवाल्यांनी प्रिंटमध्ये लिस्टच्या आधी * टाकला की स्पेस बरोबर मधेच पडतात, फुकटात. सी मध्ये स्पेस परसेंट डी च्या आधी घ्या अन् स्ट्रिंगला +!आय जोडा (आय म्हणजे लूपचा आकडा, तो 0 असला तरच !आय 1 होते), मग पहिल्या फेरीत स्ट्रिंग कुठून वाचायची ते दाखवणारं पॉइंटर एक पुढे सरकते अन् ती स्पेस गळते. 3 बाइट जास्त. मला येत होतं ते, पण मागितलंच नव्हतं तर 3 बाइट कोण घालवेल? नंतर तर्री पोह्याच्या ठेल्यावर खूप वाद झाला, त्या सीनियरचं एकच, "नियम म्हणजे नियम". अरे पण लिहिला कुठं होता नियम?

लॉजिक कोणाचं छोटं ते बघायचं असते, इनपुट कोण कसं वाचते ते नाही. पूर्ण प्रोग्रामच पाहिजे असा हट्ट नको, फंक्शन चालू द्या. जावात जुन्या पद्धतीनं नुसता क्लास अन् मेन लिहिलं की आत काही नसतानाही 45 बाइट जातात, लॅम्ब्डा, म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन, चालला तर आकड्याचा वर्ग 6 बाइटमध्ये निघतो. आर्ग्युमेंटनं घ्या, स्टँडर्ड इनपुटनं घ्या, लिस्ट कॉमानं आली काय अन् स्पेसनं आली काय, सगळं चालू द्या. फक्त व्हॅल्यू आधीच व्हेरिएबलमध्ये आहे असं धरलेलं चालवू नका.

हां, त्रिकोण वगैरे छापायचा असेल तर ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस कडक तपासा, तिथं तेच उत्तर असते. अन् अक्षरं नाही, बाइट मोजा, यूटीएफ-8 (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मध्ये नुसतं 'नागपूर' 18 बाइटचं होते.

बाकी डिफला ओळीच्या शेवटची स्पेस सोडून द्यायचा ऑप्शन असते, त्या सीनियरला मी तेव्हाही हेच सांगितलं होतं. तुम्ही तरी लावा तो.