स्लाव्हिक लोककथांवर भयकथा लिहून प्रसिद्ध करायच्या आहेत. सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न असा: रशियन, युक्रेनियन, चेक, सर्बियन अशा स्लाव्हिक लोकांच्या कथांतली बाबा यागा (जंगलातली म्हातारी चेटकीण), रुसाल्का (पाण्यातली बाईचं रूप घेणारी भुतं) वगैरे मंडळी घेऊन मराठीत, जमल्यास इंग्रजीतही, गूढकथा लिहायच्या आहेत, तर वाचायचं काय, लिहायचं कसं आणि छापणार कोण?

मी पुण्यात रशियन शिकलो, पोटापाण्यासाठी यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतरित करतो. अशा चार कथा दिवाळी अंकांत आल्या आहेत. परत आलेल्यांचा आकडा विचारू नका.

पहिली कथा नाकारताना संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "अहो, ही आपली हडळच आहे की! नुसती फरची टोपी घातलीत तिला." राग आला, पण बाईंचं खरं होतं. मी रुसाल्का घेतली होती म्हणजे काय, तर मोकळे केस, ओले कपडे आणि तळ्याकाठचं गाणं. तिचा नियम मी घेतलाच नव्हता. ईस्टर धरून 50व्या दिवशी येणाऱ्या त्रिनिटी या ख्रिस्ती सणाच्या आसपास एक आठवडा रुसाल्कांचा. तेव्हा त्या पाण्याबाहेर येतात, बर्चच्या झाडांवर आणि राय नावाच्या धान्याच्या शेतात फिरतात. त्या दिवसांत कपडे धुवायला बंदी. आता घरात दोन महिन्यांचं बाळ आहे, कोरडं लंगोट एकही उरलेलं नाही आणि आठवड्याचे चार दिवस बाकी आहेत, असं धरा. कथा तिथे सुरू होते.

म्हणून माझा सगळा सल्ला एकच: भुताचा चेहरा घेऊ नका, त्याची जागा आणि त्याचा नियम घ्या. ही भुतं कामाच्या जागांना चिकटलेली आहेत. दोमोवोय चुलीमागे, पोलुद्नित्सा भर दुपारच्या शेतात, वोद्यानोय पाणचक्कीखाली.

माझा सगळ्यात लाडका बान्निक, म्हणजे बान्यातला. बान्या हे वाफेचं न्हाणीघर, घरापासून दूर, बहुधा ओढ्याकाठी, ओंडक्यांचं. आत देवाची तसबीर नाही. गळ्यातला क्रूसही बाहेर काढून ठेवायचा. बायकांची बाळंतपणं तिथेच व्हायची. घरच्यांच्या आंघोळी आटोपल्या की शेवटची वाफ बान्निकची. त्याच्यासाठी थोडं गरम पाणी आणि बर्चच्या डहाळ्यांची जुडी ठेवून निघायचं. मध्यरात्री एकट्याने गेलात तर तो भाजतो किंवा गुदमरवतो. जुन्या 'काळ्या' बान्याला धुराडं नसे, धूर दारातून जायचा. निखारे पुरते विझायच्या आत दार लावून बसलेला माणूस सकाळी मेलेला सापडणं अवघड नव्हतं. कोळशाच्या विषारी वायूला नाव नव्हतं, बान्निकला होतं. नाताळनंतरच्या रात्री मुली उघडी पाठ करून बान्याच्या दारात उलट्या उभ्या राहायच्या. केसाळ मऊ हात फिरला तर नवरा पैसेवाला, नखं लागली तर संसार वाईट. यात मी काय भर घालणार?

वाचायचं काय? सगळे लोककथा गोळा करणाऱ्या अफानास्येवचं नाव घेतात. 1855 ते 1863 या काळात त्याने जवळपास 600 रशियन कथा छापल्या. मूळ संग्रहावर आता कोणाचा हक्क नाही. भाषांतरांचं मात्र तपासून घ्या. पण त्या मुख्यतः 'स्काझ्का', म्हणजे परीकथा. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी मराठीतल्या सोव्हिएत पुस्तकांत पाहिलेलं बाबा यागाचं कोंबडीच्या पायांवरचं घर त्यातलंच. 'काल माझ्या मावशीला बाबा यागा दिसली' असं कोणी म्हणत नाही. बान्निक मात्र मावशीला दिसतो. अशा सांगोवांगीच्या हकिगतींना 'बिलीच्का' म्हणतात. छोटी, साक्षीदारासह, उलगडा न करता तुटणारी. कोकणात रात्री ओटीवर रंगणाऱ्या गजालीची सख्खी बहीण. भयकथेसाठी बिलीच्काच शोधा.

'स्लाव्हिक' हा एक गाव नाही, हेही ध्यानात ठेवा. व्होदनिक या चेक पाणभुताच्या कोटाच्या टोकातून पाणी ठिबकतं आणि बुडालेल्यांचे आत्मे तो झाकणाच्या भांड्यांत ठेवतो. पाठ उघडी, आतडी दिसणारी माव्का युक्रेनची. तिला रशियन ठरवलंत तर आज लोक चिडतील, आणि योग्यच चिडतील. सर्बियात झारोझ्ये गावाजवळच्या पाणचक्कीत सावा सावानोविच नावाचा पिशाच राहतो अशी समजूत. 2012 मध्ये ती चक्की कोसळली तेव्हा बेघर झालेल्या सावापासून सावध राहा, असा इशारा नगरपालिकेने दिला होता!

स्वतःचं भूत रचलंत तरी चालेल. रशियन भाषेत लिहिणाऱ्या गोगोलने 1835 मध्ये 'वी' नावाच्या प्राण्यावरची कथा प्रसिद्ध केली आणि हा प्राणी लोककथेतलाच आहे अशी तळटीप ठोकून दिली. अभ्यासकांना लोककथांत असा वी काही सापडला नाही.

आता छापण्याचं. विचर, म्हणजे सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या राक्षसमाऱ्याच्या कादंबऱ्या, गेम आणि वेबमालिका, हे प्रकरण आज केवढं मोठं आहे, पण सुरुवात पोलिश मासिकाच्या स्पर्धेतल्या एका कथेने झाली. 1986 साली ती छापली गेली, बक्षीस तिसरं. तेव्हा कादंबरीमालिका बाजूला ठेवा. मराठीत 'धनंजय', 'नवल' यांसारखे दिवाळी अंक गूढकथा आवडीने घेतात, पण कथा उन्हाळ्यातच गेलेली बरी. गणपतीत पाठवाल तर पुढच्या वर्षीची वाट बघा. मानधन येतं, त्यावर घर चालत नाही. प्रतिलिपीवर किंवा किंडलवर स्वतः टाकता येतं, मात्र बहुतेक अंकांना आधी कुठेही न आलेली कथा हवी असते. आधी अंक, मग बाकीचं.

इंग्रजीत व्यावसायिक दर शब्दाला 8 सेंट मानतात, म्हणजे 4000 शब्दांना 320 डॉलर. एआयने लिहिलेलं पाठवू नका. त्या लोंढ्यामुळे 'क्लार्क्सवर्ल्ड' या इंग्रजी विज्ञानकथा मासिकाने फेब्रुवारी 2023 मध्ये काही काळ कथा घेणंच बंद केलं होतं.

एका प्रकाशकाने माझा संग्रह 'लगेच' काढायची तयारी दाखवली होती. पत्राच्या दुसऱ्या पानावर माझ्याकडून घ्यायच्या रकमेचा तक्ता होता, मुखपृष्ठाचे वेगळे. संग्रह अजून माझ्या लॅपटॉपमध्येच आहे. लंगोटांची कथा त्यात नाही, तुम्हाला हवी असेल तर घ्या.